वळणाच्या खुंट्या

मयेकर ओव्हरसीअर आमच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायला आले, आणि आठवडा व्हायच्या आत थेरगावभर असं पसरलं की त्यांच्या दुर्बिणीतून माणसं उलटी दिसतात. डोकं खाली, पाय वर. पुरुषांचं एक वेळ ठीक, पण बायका उलट्या झाल्या की लुगड्याचं काय होत असेल, या विचारानं नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांनी जागा बदलली. माझी गजराआत्या त्यांच्यात पुढे. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली ही आत्या घरातला दुसरा पुरुषच होती. माझे वडील, म्हणजे आबासुद्धा तिच्यापुढे आवाज चढवत नसत. एका सकाळी ती हातातली केरसुणी न टाकताच मयेकरांच्या तिपाईपाशी गेली आणि म्हणाली, "बगू द्या मला." मयेकर बाजूला झाले. आत्यानं एक डोळा मिटून नळकांड्यात पाहिलं आणि किंचाळलीच. आमचे शेजारी गेनूतात्या बांधावर उभे होते ते तिला डोक्यावर उभे दिसले, धोतरासकट.

"धोतार पडत न्हाई की," ती घरी येऊन आईला म्हणाली, आणि मग जरा विचार करून, "पर मानसाचा काय भरोसा? ज्याला सरळ मानूस उलटं दिसतंय, त्याला आपली जमीन कशी दिसत आसंल?"

हे उलटं दिसणं भिंगांचं काम होतं, जुन्या यंत्रांत तसंच असायचं. पुढे शिकताना मीही वर्षानुवर्षं जग उलटंच पाहिलं आणि त्याची इतकी सवय झाली की सुलटी प्रतिमा देणारी यंत्रं आली तेव्हा मला चुकल्यासारखं व्हायचं. पण तेव्हा हे मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आत्याइतकाच मलाही त्या माणसाचा संशय होता.

संशयाला कारण होतं. नदीपलीकडे पिंपरीच्या माळावर कारखाना उभा राहत होता. तिथल्या लोकांच्या जमिनी गेल्या होत्या, आणि ज्यांच्या गेल्या ते सगळे सांगायचे की आधी एक माणूस तिपाई घेऊन आला, मग लाल झेंड्या आल्या, मग खुंट्या. आता झेंड्या आमच्याकडे आल्या होत्या. कारखान्याकडे जाणारा रस्ता आमच्या आणि गेनूतात्यांच्या मधून निघणार, एवढं कळलं होतं. नेमका कुठून, हे कुणी सांगत नव्हतं. मग अशा माणसाला आबांनी घरात जागा का दिली? मी एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "साप बिळात आसला म्हंजी निदान कुठं हाय ते तरी कळतं."

मयेकर मालवणकडचे, पन्नाशीचे, बारीक चणीचे. भात नसला की त्यांना जेवल्यासारखं वाटत नसे आणि आमच्याकडे भात सणालाच. पहिले काही दिवस ते आईच्या हातची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं पाण्याच्या घोटाबरोबर गिळायचे. मग त्यांनी गावाकडून सुकट आणली आणि पडवीतल्या चुलीवर भाजली. त्या वासानं आत्या नाकाला पदर लावून बाहेर गेली. दुसऱ्या खेपेला ती ओट्यावरच बसून राहिली. तिसऱ्या खेपेला तिनं विचारलं, "कांदा घालता का त्यात?" तरी दुर्बिणीचा राग तिनं सोडला नाही. ती आणि मयेकर एकाच ताटातली सुकट खायचे आणि ती त्यांना तोंडावर सांगायची, "तुमचा इस्वास न्हाई बगा मला." मयेकर हसून म्हणायचे, "तां बरां. इस्वास नकोच."

मी तेव्हा नदी ओलांडून चिंचवडच्या शाळेत जात होते. वर्गात आम्ही मोजून तीन मुली, आणि गणितात मला गती होती. ही गोष्ट घरात कुणाला फारशी महत्त्वाची वाटत नव्हती. ती महत्त्वाची झाली त्या दिवशी आबा विहिरीवर मोट हाकत होते. मोटेचं पाणी थारोळ्यात पडलं की धबाक् असा आवाज व्हायचा, बैल मागे सरताना चाक कुरकुरायचं, आणि त्या दोन आवाजांच्या मधल्या शांततेत आबा बोलायचे. बाकी वेळी ते गप्प असत.

"सुमे, त्यो मयेकर आकडेमोड करतो ती तुला समजती का?"

"थोडी थोडी."

"मंग समदी शिकून घे. गनित शिकवा म्हनाव. पोरीला शिकवायला न्हाई म्हननार न्हाई त्यो." चाक कुरकुरलं, पाणी पडलं. "आन् रस्ता कुठनं नेतोय ते मला सांग."

म्हणजे माझं इंजिनिअरिंगचं शिक्षण हेरगिरीनं सुरू झालं. लोकांना ही गोष्ट गमतीची वाटते, पण मला त्या वेळी गंमत वाटली नव्हती. मी पाटी-पेन्सिल घेऊन पुढच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसायचे, दार सताड उघडं, आत्या समोर वाती वळत. आई आतून तासातासाला हाक मारायची. तिचा संशय वेगळाच होता. माणूस पन्नाशीचा का असेना, पुरुषमाणूस आहे, आणि पोरगी वयात आलेली. मी केसांना तेल लावलं तरी तिची नजर यायची. असे आम्ही सगळे एकमेकांवर नजर ठेवून बसलेलो, आणि मध्ये मयेकर खडूनं जमिनीवर त्रिकोण काढताहेत.

पण ते शिकवायचे फार चांगलं. शाळेतल्या मास्तरांचा त्रिकोण फळ्यावर असायचा, मयेकरांचा नदीवर. अलीकडच्या काठावर उभं राहून, पाण्यात पाय न घालता, पलीकडच्या उंबराचं अंतर कसं काढायचं हे त्यांनी मला दाखवलं. दोरीला गाठी मारून तीन, चार आणि पाच हातांच्या बाजू ताणल्या की काटकोन कसा आपोआप उभा राहतो ते दाखवलं. देवळाच्या शिखराची उंची सावलीवरून काढायला लावली, आणि मी उत्तर सांगितल्यावर म्हणाले, "बरोबर आसा की चूक?"

"बरोबर."

"कशावरून?"

मी पुन्हा सावली मोजायला वाकले.

"चेडवा, आकड्यावर विश्वास ठेवू नये," ते म्हणाले. "माझ्या नाय, तुझ्या तर मुळीच नाय. दुसऱ्या वाटेनं जाऊन तोच आकडा येता काय बघ. आला तर अर्धा विश्वास."

आता या वयात लोक नातवंडांना घेऊन माझ्याकडे येतात. बांधकामाच्या इंजिनिअरिंगला जायचं तर गणित किती लागतं, असं विचारतात. मी सांगते, भूमिती लागते, त्रिकोणमिती लागते, वर्गमूळ हातानं काढता आलेलं बरं, पुढे कलनही लागतं. मुलं मान डोलावतात. पण ज्या गोष्टीवर मी चाळीस वर्षं पूल आणि रस्ते उभे केले ती, म्हणजे स्वतःच्या उत्तराचा संशय घेणं, ती सांगितली की आईबापांचा चेहरा पडतो. त्यांना वाटतं म्हातारी भलतंच बोलते आहे.

रस्ता कुठून जाणार हे मला लवकरच कळलं, कारण मयेकरांनी ते लपवलंच नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. दोन टोकांना त्यांनी चुन्यात दगड बसवले होते. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत सरळ गेलं तर गेनूतात्यांचा गोठा आणि राहत्या घराची भिंत मध्ये येत होती. म्हणून रस्ता तिथं आमच्या बाजूला वळवला होता, धनुष्यासारखा. धनुष्याचा पोटफुगवटा आमच्या पडीक तुकड्यावरून जात होता आणि बरोबर मध्यावर आमची विहीर होती.

मी हे आबांना सांगितलं. त्यांनी मोट थांबवली.

"वळान कुनी काढलं? त्यानंच?"

"नकाशा त्यांच्या साहेबांचा आहे. मयेकरांनी फक्त जमिनीवर उतरवला."

"गेनूनं कायतरी दिलं आसंल त्याला."

"आबा, घर पाडण्यापेक्षा विहीर जाणं..."

"हीर म्या खंदली," ते म्हणाले, आणि बैलांना हाक दिली.

शिमग्याला मयेकर कोकणात गेले. त्यांच्याकडचे लोक कुठेही असोत, शिमग्याला गावी जातातच. जाताना आत्यानं त्यांना बजावलं की सुकट चांगली बघून आणा, मागल्या खेपेला वाळू होती. ते गेले आणि काही दिवसांनी गेनूतात्यांच्या दारात आरडाओरड ऐकू आली.

गेनूतात्या म्हणजे आबांचे लहानपणापासूनचे सोबती. सावकाश बोलणारा, कधी तोंडातून शिवी न गेलेला माणूस. ते गोठ्यापुढे उभं राहून ओरडत होते. खुंट्या त्यांच्या गोठ्याला लागून ठोकलेल्या होत्या, एक तर गव्हाणीतच. "ज्याच्या घरची भाकरी खाल्ली त्याला जागला ह्यो ओव्हरशेर!" ते म्हणत होते. "त्यांची हीर वाचली, माझं घर ग्येलं!" गर्दीतून कुणी म्हणालं की मयेकर मुद्दाम गावाला गेला, म्हणजे आळ नको. कुणी म्हणालं की आबांनी पोरीची शिकवणी लावली ती उगाच नाही. आबा दारात उभं राहून ऐकत होते. आत्या मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्या पयल्यापासनं सांगत हुते. त्या मानसाचा इस्वास धरू नका." मला तिचा राग आला, कारण माझ्याही मनात तेच होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना मी वाट वाकडी करून पहिल्या दगडापाशी गेले. कशाला गेले ते सांगता येणार नाही. दगडाच्या मागे बसून, डोळा दगडाच्या माथ्यावर ठेवून मी खुंट्यांकडे पाहिलं. मला एकच खुंटी दिसली. बाकीच्या सगळ्या तिच्यामागे लपल्या होत्या.

मयेकरांना पैसे चारून कुणी रस्ता हलवायला लावला असता तर त्यांनी दुसरं वळण काढलं असतं, थोडं चपटं. साहेबांच्या डोळ्यांना खपेल असं. सरळ रेष काढायची त्यांना गरजच नव्हती, आणि त्यांच्या नकाशात ती बसतही नव्हती. शिवाय साखळीनं मोजणारा माणूस सारख्या अंतरावर खुंट्या ठोकतो. बाजूला होऊन पाहिलं तर या खुंट्या कुठे जवळ, कुठे लांब होत्या, पण केसभरही वाकड्या नव्हत्या. हे मोजमाप नव्हतं, नजर होती. आणि आमच्या गावात अशी नजर एकाचीच होती. नवं शेत नांगरायला काढलं की पहिलं तास, म्हणजे पहिली रेघ, मारायला लोक आबांना बोलवायचे. दोन बैलांच्या मानेमधून पलीकडच्या बांधावरचा एक दगड धरायचा आणि मागे न बघता चालायचं. ते तास ओळंब्यासारखं सरळ यायचं, आणि मग त्याच्या आधारानं बाकीचं शेत.

मी शाळेत गेले, पण त्या दिवशी काय शिकवलं ते आठवत नाही. संध्याकाळी आबा जेवायला बसले. भाकरी मोडली, कोरड्यासात बुडवली, कांदा बुक्कीनं फोडला. मी समोर बसून त्यांच्या हातांकडे पाहत होते. "काय बगतीस?" ते म्हणाले. "काही नाही," मी म्हणाले. घरात आता मीच साप झाले होते.

मयेकर परत आले ते सरळ कामावर गेले आणि तासाभरात परतले. ओसरीवर सुकटीचं गाठोडं ठेवलं, पण आत आले नाहीत. आईनं ताट वाढलं तेव्हा म्हणाले, "नको, वहिनी. तुमच्या घरचा जेवण मला आता महाग पडला." त्यांना आमच्यापैकी कुणाचा संशय होता हे त्यांनी सांगितलं नाही, बहुतेक सगळ्यांचा असावा. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मीच तर वळण कुठे आहे ते नीट समजून घेतलं होतं.

साहेब जीपनं आले. उन्हाचा टोपा घातलेले, चिडलेले. सगळा गाव पडीक तुकड्यावर जमला. साहेबांनी नकाशा उघडला, खुंट्यांकडे पाहिलं आणि मयेकरांना विचारलं, "हे तुमचं काम?"

"माझ्या खुंट्या आसत, साहेब. जागा माझी नाय. मी वळण काढला होता. आता परत काढून दाखवतो."

"तुम्ही हात लावायचा नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही ह्याच घरात राहता ना? आज तुम्ही कुठेही खुंटी ठोकाल आणि म्हणाल ती इथेच होती."

मयेकरांनी साखळी खाली ठेवली. चाळीस माणसांसमोर त्यांनी ती इतकी हळू ठेवली की कड्यांचा आवाजसुद्धा झाला नाही.

"मी काढते," मी म्हणाले.

आवाज माझाच होता, पण मलाही तो दुसऱ्या कुणाचा वाटला. आईनं मागून माझा हात धरला. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ही कोण?"

"घरमालकाची मुलगी," कुणीतरी म्हणालं, आणि हशा झाला.

"म्हणजे तुझाही भरवसा नाही."

"वळण परत निघालं तर विहीर आमची जाते," मी म्हणाले. "मी खोटं काढलं तर आमच्याच फायद्याचं काढीन ना?"

हशा थांबला. आबा बांधावर उभे होते. मी तिकडे पाहिलं नाही.

साहेबांनी नकाशावरून दोनच गोष्टी सांगितल्या: दोन दगडांमधलं अंतर चारशे फूट, आणि वळणाची त्रिज्या हजार फूट. मी मातीत बसले आणि काडीनं गणित मांडलं. हजाराच्या वर्गातून निम्म्या अंतराचा, म्हणजे दोनशेचा, वर्ग वजा, त्याचं वर्गमूळ, ते हजारातून वजा. वर्गमूळ काढताना काडी मोडली, दुसरी घेतली. उत्तर आलं वीस फूट आणि वर थोडं. मग दुसऱ्या वाटेनं केलं: दोनशेचा वर्ग, भागिले त्रिज्येची दुप्पट. वीस. साहेबांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "दोनदा का?"

"पहिल्यावर विश्वास नाही म्हणून."

साहेबांच्या शिपायानं साखळीचं एक टोक धरलं, दुसरं मी. दोन दगडांच्या बरोबर मध्यावर मी गाठींच्या दोरीनं काटकोन ताणला आणि आमच्या बाजूला वीस फूट मोजून आले. विहिरीचं थारोळं हाताच्या अंतरावर होतं. पायाखाली टणक, तुडवलेली जमीन, कुठे काही खूण नाही.

"इथे पहार मारा."

शिपायानं पहार मारली. ती खणकन उडाली. लोकांत कुजबूज झाली. "जरा विहिरीकडं," मी म्हणाले. मला त्या वीस फुटांवरचं 'थोडं' आठवलं होतं, ते मी धरलंच नव्हतं, आणि साखळीला झोलही होता. शिपायानं वीतभर सरकून पुन्हा मारली, आणि पहार लोण्यात गेल्यासारखी हातभर आत गेली. माती उकरली तर खाली खुंटीच्या आकाराचं चौकोनी भोक, वरून भुसभुशीत मातीनं बुजवलेलं. मग पुढचं सोपं होतं. अर्ध्या वळणाचा फुगवटा पुऱ्याच्या चौथाईइतका, म्हणजे पाच फूट. मधल्या भोकापासून दोन्ही दगडांकडे दोरी धरून तिच्या मध्यावर मोजलं, दोन्ही भोकं सापडली.

मयेकर खाली बसले आणि टोपीनं तोंड पुसू लागले. साहेबांनी नकाशाची गुंडाळी केली.

"आणि खुंट्या हलवल्या कुणी?"

थारोळ्यावर एक कावळा पाणी पीत होता. मी आबांकडे आताही पाहिलं नाही, पण मला दिसत होतं की गेनूतात्या पाहत आहेत. त्यांनी सरळ रेषेत उभ्या असलेल्या खुंट्यांकडे पाहिलं, मग आबांकडे, मग पुन्हा खुंट्यांकडे. तेही शेतकरीच होते. पहिलं तास कुणाचं ते त्यांना सांगावं लागलं नसतं.

"वासरं सुटली आसतील, सायेब," गेनूतात्या सावकाश म्हणाले. "वासरांनी उपटल्या. पोरांनी परत रवल्या. लहान पोरं हायती, त्यास्नी काय कळतंय."

साहेबांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग जीपमध्ये बसले.

रस्ता वळूनच झाला. तो अजून तसाच वळतो. हिंजवडीकडून येणाऱ्या गाड्या संध्याकाळी तिथं मुंगीच्या पावलांनी सरकतात आणि टॅक्सीवाला वैतागून म्हणतो, "कुणी बांधलाय राव हा रस्ता, सरळ न्यायचा की." मी खिडकीतून बाहेर बघते. विहीर बुजवून तिच्यावर आता मोबाइलचं दुकान आहे.

घरात त्या दिवसाबद्दल कुणी बोललं नाही. मयेकर पुन्हा आमच्याकडे जेवू लागले, कारण आत्या त्यांचं ताट घेऊन पुढच्या खोलीत गेली आणि ते घेईपर्यंत दारात उभी राहिली. "तुमच्यावर इस्वास बसला आसं समजू नका," ती म्हणाली. काम संपल्यावर ते दुसऱ्या गावी गेले. आबांनी रानाच्या वरच्या अंगाला नवी विहीर खणायला घेतली. गेनूतात्या रोज मदतीला यायचे. दोघं खड्ड्यात उतरून शेजारी शेजारी खणायचे आणि त्यांचं बोलणं पूर्वीसारखंच, पाऊसपाण्याचं. माझ्याशी मात्र आबा कामापुरतंच बोलत. मी खोलीत आले की ते बोलता बोलता थांबत. आईला वाटायचं ते रागावले आहेत. मला वाटायचं ते मला भितात, आणि ते जास्त वाईट होतं.

मॅट्रिकचा निकाल लागला. पुण्याला मामांकडे राहून कॉलेजात शास्त्र शाखेला जाता येईल, असं मामांनी कळवलं. घरात नकार येणार हे मला माहीत होतं. आबा जेवत होते. ते आत्याला म्हणाले, "जाऊ दे तिला. हितं ठेवून करायचं काय? हिच्यापासनं घरात काय लपत न्हाई." हे शाबासकी म्हणून बोलले की घरातून काढून लावलं, हे मी पुढे कितीतरी वर्षं उलटसुलट करून पाहिलं. दोन्ही वाटांनी वेगळं उत्तर यायचं.

चिंचवड स्टेशनवर आबाच सोडायला आले. ट्रंक त्यांनी डोक्यावरून आणली आणि फलाटावर ठेवून तिच्यावरच बसले. मी शेजारी उभी.

"सुमे," ते समोरच्या रुळांकडे बघत म्हणाले, "तुला आधीच कळलं हुतं ना?"

"व्हय."

"मंग सायेब यायच्या आधी मला का न्हाई इचारलंस?"

"इचारलं आसतं तर तुमी खरं सांगितलं आसतं?"

लांबून गाडीचा आवाज आला, फलाटावरची माणसं गाठोडी उचलू लागली. आबा विचार करत होते. खरोखरच विचार करत होते, हे मला त्यांच्या कपाळावरून दिसत होतं.

"न्हाई," ते म्हणाले, आणि उठून ट्रंक डब्यात चढवली.